साडूचा शनी

चूक ब्रशची होती, असं थोरले आजही म्हणतात. सकाळी ते बेसिनसमोर दात घासत उभे होते आणि दाराशी टेकून बायको फोनवर आलेला निरोप वाचून दाखवत होती. निरोप तिच्या धाकट्या बहिणीचा होता. ह्यांनी मोठी दुर्बीण घेतली आहे, शनिवारी संध्याकाळी सात वाजता आमच्या गच्चीवर या, मास्तरांना शनीची कडी दाखवायची आहेत. थोरल्यांना खरं तर सांगायचं होतं की शनिवारी मला काम आहे. पण तोंडात फेस, पोटात जळजळ, आणि ह्या दोन्हींमधून वाट काढत जे बाहेर पडलं ते असं होतं: "कळव त्यांना, आम्हीही आमची घेऊन येतो."

हा टोमणा होता. पण टोमणा कळायला बोलणाऱ्याचं तोंड दिसावं लागतं आणि थोरल्यांच्या तोंडावर त्या वेळी फेसाशिवाय काहीच दिसत नव्हतं. बायकोनं वाक्य जसंच्या तसं कळवून टाकलं. थोरले चूळ भरून वळेपर्यंत उत्तर आलंसुद्धा. एक अंगठा, बऱ्याच टाळ्या, आणि खाली साडूंचे शब्द: दादा, तुम्ही तर छुपे रुस्तम निघालात.

थोरल्यांकडे दुर्बीण नव्हती. दुर्बीण सोडा, त्यांच्याकडे वाचायचा चष्मा एकच होता आणि त्याची एक काडी चिकटपट्टीनं धरून ठेवलेली होती.

आता हे थोरले-धाकटे प्रकरण आधी सांगायला हवं. मास्तर म्हणजे सासरे. त्यांना दोन मुली. थोरलीचा नवरा म्हणून हे थोरले, धाकटीचा नवरा म्हणून ते धाकटे. नात्यागोत्यात सगळे त्यांना ह्याच नावांनी ओळखतात. (उंचीनं पाहिलं तर धाकटे थोरल्यांपेक्षा वीतभर जास्तच भरतात आणि फोटो काढताना हटकून त्यांच्याच शेजारी उभे राहतात.) थोरले एका लिफ्ट कंपनीच्या तक्रार विभागात नोकरीला. लिफ्टमध्ये अडकलेल्या माणसाचा फोन घ्यायचा आणि धीराच्या आवाजात सांगायचं, 'शांत राहा, घाबरू नका, माणूस निघालाय', हे त्यांचं काम. माणूस निघालेला असो वा नसो, वाक्य हेच. धाकट्यांचं मात्र बाथरूमच्या सामानाचं दुमजली दुकान होतं. तिथे एक अख्खी भिंत नुसत्या नळांची होती आणि नमुन्याच्या शॉवरखाली उभं राहून गिऱ्हाइकं हात पुढे करून पाणी बघत.

थोरल्यांनी स्कूटर घेतली, तेव्हा धाकट्यांनी मोटार घेतली. थोरल्यांचं अपेंडिक्स काढलं आणि चार दिवस नातलगांमध्ये त्यांचं जरा नाव झालं, तोच धाकट्यांच्या पित्ताशयात खडे निघाले. ते खडे काचेच्या बाटलीत भरून त्यांच्या हॉलमध्ये ठेवण्यात आले. येणारा-जाणारा बाटली हलवून बघे. थोरल्यांना अपेंडिक्स कुणी बाटलीत घालून दिलं नव्हतं. हे त्यांना फार लागलं होतं.

ह्या सगळ्या चढाओढीत अडचण एकच होती. ती चालू आहे हे धाकट्यांना माहीतच नव्हतं. ते आपले दिलखुलास गृहस्थ. थोरल्यांना 'दादा, दादा' म्हणत गळ्यात हात टाकत आणि त्यामुळे त्यांचा राग करायलाही फार कष्ट पडत.

आणि मास्तर राहायचे धाकट्यांकडे. सासूबाई गेल्यावर ते तिकडेच गेले, कारण तिथे जादा खोली होती. मास्तरांनी सगळी नोकरी भूगोल शिकवण्यात घालवली. मुलीसुद्धा त्यांना मास्तरच म्हणत. दर वर्षी ते फळ्यावर शनी काढत, पिवळ्या खडूनं त्याला कडी घालत आणि मुलांना सांगत की हे दृश्य आयुष्यात एकदा तरी डोळ्यांनी बघावं. स्वतः त्यांनी ते कधी बघितलं नव्हतं. शाळेत दुर्बीण नव्हती, पुढे सवड नव्हती आणि सवड झाली तेव्हा दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकले होते. आता दोन्ही डोळ्यांची ऑपरेशनं होऊन दिसायला लागलं होतं आणि त्यांनी मुलींना सांगितलं होतं की बाकी काही नको, एकदा शनी बघायचा आहे.

मास्तर कौतुकाला फार महाग. फारच आवडलं तर 'वा' म्हणत, तेही एकदाच. धाकट्यांनी त्यांच्या बाथरूममध्ये धरायला दांड्या बसवून दिल्या, तेव्हा त्यांनी 'वा' म्हटलं होतं. थोरल्यांच्या वाट्याला अजून एकही 'वा' आला नव्हता. आणि आता साक्षात शनी दाखवल्यावर मास्तर किती 'वा' म्हणतील ह्या विचारानं थोरल्यांची दोन दिवस झोप उडाली.

तिसऱ्या दिवशी त्यांना दुर्बीण मिळाली. ऑफिसातल्या एका मेकॅनिकच्या मुलीला ती कधी तरी बक्षीस म्हणून मिळाली होती आणि सध्या माळ्यावर पडून होती. आकारानं मिटलेल्या छत्रीएवढी. तिच्या तिपाईचा एक पाय सारखा घसरून आत जायचा. मेकॅनिकनं तो तारेनं आवळून दिला आणि म्हणाला, साहेब, आता हत्ती बसला तरी हलणार नाही. थोरल्यांनी घरी येऊन बाल्कनीतून समोरच्या खांबावरचा दिवा पाहिला. दिवा उलटा दिसला, पण दिसला. त्यांनी बायकोला बोलावून दाखवला. ती म्हणाली, दिवा आहे. थोरल्यांनी विचारलं, कसा वाटला. ती म्हणाली, दिव्यासारखा. तरी त्या रात्री थोरल्यांना शांत झोप लागली.

शनिवारी दोघं स्कूटरवर दुर्बीण आडवी धरून निघाले. आभाळ दुपारपासून स्वच्छ होतं. धाकट्यांचं घर दुसऱ्या मजल्यावर आणि गच्ची आठव्याच्या वर. त्या इमारतीतली लिफ्ट थोरल्यांच्या कंपनीची होती. ती त्या इमारतीतली एकमेव गोष्ट, जिच्याकडे थोरले मान ताठ ठेवून बघू शकत. वर जाताना त्यांनी बटणांच्या पाटीवरून रुमाल फिरवला.

गच्चीचं दार उघडलं आणि थोरल्यांचे पाय जागीच थांबले. मधोमध धाकट्यांची दुर्बीण उभी होती. पांढरीशुभ्र, गिझरएवढी जाड, खाली मोटर, मोटरला वायर, वायरीला रिमोट. आकाशात कोण कुठे आहे हे तिला म्हणे आपलं आपण कळायचं. शेजारी खुर्चीवर मास्तर बसले होते. इस्त्रीचा शर्ट, केस पाणी लावून विंचरलेले, शाळेच्या वार्षिक तपासणीला बसावेत तसे. बसल्याजागी ते दुर्बिणीकडे बघत होते आणि थोरल्यांना तिथूनच तो 'वा' ऐकू यायला लागला.

"दादा, तुमची लावा आधी," धाकटे म्हणाले. "मान तुमचा."

थोरल्यांनी कठड्याजवळ तिपाई उभी केली, तारा तपासल्या, वर दुर्बीण बसवली आणि मास्तरांना हात देऊन जवळ आणलं. मास्तर डोळा लावायला वाकले. तेवढ्यात तार सैल झाली. तिपाईचा तो पाय सावकाश, जणू बसायला सांगितल्यासारखा आत गेला. दुर्बीण मास्तरांना नमस्कार करावा तशी पुढे झुकली आणि जमिनीवर आपटली. पुढची काच निसटून घरंगळत गेली आणि पावसाचं पाणी जायच्या भोकातून दिसेनाशी झाली. बऱ्याच वेळानं खाली कुठे तरी टिंग असा आवाज आला.

मग धाकट्यांनी थोरल्यांच्या खांद्यावर हात ठेवला आणि होतं असं, म्हणाले. पहिल्या दुर्बिणीचं असंच होतं, माझ्या मित्राचंही झालं होतं. हसले असते तर परवडलं असतं. ते मनापासून हळहळले आणि थोरल्यांच्या छातीत जे काही पेटलं होतं त्याला चांगला वारा मिळाला.

मग मोठ्या दुर्बिणीची पाळी आली. धाकट्यांनी रिमोटमध्ये तारीख घातली, वेळ घातली, शनीचं बटण दाबलं. मोटर घुरघुरली. गिझर मोठ्या रुबाबात फिरला, थोडा वर गेला, विचार बदलल्यासारखा खाली आला आणि समोरच्या इमारतीतल्या एका खिडकीवर येऊन थांबला. त्या खिडकीत एक गृहस्थ बनियनवर बसून पायाची नखं कापत होते. त्यांनी मान वर केली, दुर्बीण पाहिली आणि पडदा ओढून घेतला. धाकट्यांनी पुन्हा तारीख घातली. गिझर पुन्हा फिरला आणि पुन्हा त्याच पडद्यावर आला. थोरल्यांनी विचारलं की हाच का शनी. हे विचारताना त्यांना इतका आनंद झाला की तो लपवायला त्यांना खोकावं लागलं.

घोळ तारखेचा होता. त्या रिमोटला आधी महिना आणि मग तारीख हवी होती. हे धाकटीनं पुस्तिका वाचून काढलं, तेव्हा चांगलाच अंधार पडला होता. आता मोटर बरोबर दिशेला फिरली आणि उगवतीकडच्या एका पिवळसर, न लुकलुकणाऱ्या ठिपक्यावर येऊन थांबली. तोच शनी, मास्तर खुर्चीतून म्हणाले. धाकटे डोळा लावायला वाकले, आणि अगदी त्याच वेळी एक ढग आला. एकटा येऊन थांबला असता तर गोष्ट वेगळी, पण त्याच्या मागे त्याचे सगळे नातलग होते.

धाकटे म्हणाले, काळजी नाही. ह्या यंत्रानं आता शनीला धरलं आहे, तो सरकेल तशी मोटर सरकेल. ढग गेला की डोळा लावायचा, शनी हजर. तोवर खाली जाऊन कॉफी घेऊ. थोरले म्हणाले, तुम्ही व्हा पुढे, मी राखण करतो.

इथपर्यंत थोरल्यांच्या मनात काही नव्हतं. हे ते शपथेवर सांगतात आणि ते खरंही असावं. ते नुसते दुर्बिणीभोवती फिरले. मग डोळा लावून पाहिला. काळं. आयपीसवर, म्हणजे डोळा लावायच्या त्या छोट्या नळीवर, वाफ धरली असेल असं त्यांना वाटलं. बाजूचा स्क्रू त्यांनी सैल केला, नळी काढून शर्टाला पुसली. तेवढ्यात जिन्याच्या तोंडाशी पावलं वाजली आणि त्यांचा हात आपोआप खिशात गेला. नळी हातातच होती.

'पुसत होतो' एवढं म्हटलं असतं तर संपलं होतं. थोरल्यांनी तोंड उघडलंही. पण दारातून आधी धाकटे आले, मास्तरांचा हात धरून, आणि मास्तर त्यांच्या कुठल्याशा बोलण्यावर हसत होते. थोरल्यांनी तोंड मिटलं.

आणि आभाळ उघडलं. ढग असा बाजूला झाला की जणू कुणी पडदा सारला. धाकटे धावले, वाकले आणि तसेच राहिले. मग त्यांनी बोटांनी चाचपलं. जिथे डोळा लावायचा तिथे नुसतं भोक होतं.

पुढची काही मिनिटं थोरल्यांना अजून आठवतात. सगळे गच्चीवर गुडघ्यांवर बसून शोधत होते. फोनचे दिवे लागले. धाकटी पाण्याच्या टाकीखाली शिरली, थोरलीनं कुंड्या उचलून पाहिल्या. थोरलेही रांगत होते, एक हात जमिनीवर आणि एक खिशात. धाकटे स्वतःलाच दोष देत होते, मीच वेंधळा, मीच कुठे तरी ठेवली असणार. वर शनी लख्ख दिसत होता. आणि मग थोरल्यांना मास्तर दिसले. डॉक्टरांनी त्यांना वाकायला बंदी केली होती. तरी ते खुर्ची धरून खाली बसले होते आणि टाकीच्या पाण्यानं ओली झालेली फरशी तळव्यानं चाचपत होते. दुसऱ्या कुणाला मिळायच्या आत आपल्याला सापडावी, अशा घाईनं.

थोरल्यांच्या खिशातली नळी एकाएकी फार जड झाली.

धाकटीनं वडिलांना उठवलं, विजार ओली झाली म्हणून रागावली आणि सगळ्यांना खाली चला म्हणाली. नळी घरातच राहिली असेल, तिथे बघू. थोरले म्हणाले, मी इथे अजून एकदा बघतो.

दार लागलं तसे ते उठले. नळी बसवली, स्क्रू आवळला, डोळा लावला. एक पिवळा धुरकट गोळा दिसला. त्यांनी बाजूची चकती फिरवली. गोळा आणखी पसरला. उलटी फिरवली. गोळा आकसला, आकसला आणि एकदम स्पष्ट झाला.

तो इतका चित्रातल्यासारखा होता की थोरल्यांना आधी वाटलं, कुणी तरी काचेवर चिकटवला असावा. इवलासा, मधाच्या रंगाचा, आणि त्याच्याभोवती खरोखरच कडं. कड्याच्या आणि त्याच्या मध्ये काळोखाची बारीक फट. खाली मोटारी वाजत होत्या, कुणाच्या तरी घरात भांडं पडलं आणि हा तिथे कुणाला न विचारता असा टांगलेला. थोरल्यांना वीतभर उंची आठवली नाही, बाटलीतले खडे आठवले नाहीत. दुर्बीण कुणाची आहे हेसुद्धा आठवलं नाही. त्यांना फक्त मास्तरांचा ओला तळवा आठवला आणि ते धावत सुटले.

दुसऱ्या मजल्यावर बाकी सगळे आतल्या खोल्यांत सामान उपसत होते. मास्तर एकटेच हॉलमध्ये बसले होते. थोरल्यांनी त्यांचा हात धरला, चला, म्हणाले, दिसतोय, आणि कुणाला हाक मारण्यातही वेळ न घालवता त्यांना लिफ्टमध्ये घेतलं. लिफ्ट निघाली. पाचवा गेला, सहावा गेला. सातवा यायच्या आत ती एकदा हुंदका दिल्यासारखी हलली आणि थांबली.

थोरल्यांनी सगळी बटणं दाबली. मग धोक्याची घंटा दाबली. मग खिशातून फोन काढला आणि जो नंबर ते झोपेतही सांगू शकले असते तो लावला. संध्याकाळच्या पाळीला नवी मुलगी होती. थोरल्यांनी स्वतःच तिला महिनाभर शिकवून तयार केली होती.

"शांत राहा," ती अगदी थोरल्यांच्याच सुरात म्हणाली, "घाबरू नका, माणूस निघालाय."

"अगं, मी बोलतोय."

"साहेब तुम्ही? बरं झालं. मग तुम्हाला ठाऊकच आहे."

थोरल्यांना ठाऊक होतं. माणूस निघालेला नव्हता. शनिवारी संध्याकाळी माणूस कुठून निघतो, किती वेळानं निघतो आणि वाटेत कुठे चहा पितो हे सगळं त्यांना ठाऊक होतं. त्यांनी फोन खिशात ठेवला आणि भिंतीला टेकून उभे राहिले. बाहेरून धाकट्यांचा आवाज आला. ते जिन्यावर सातव्या आणि सहाव्या मजल्यांच्या मध्ये पळत होते आणि दाराच्या फटीतून धीर देत होते. मग थोडा गडगडाट ऐकू आला आणि धाकटे दुर्बीण झाकायला वर पळाले.

मास्तरांनी विचारलं, "कसा होता?"

थोरल्यांनी सांगितलं. रंग सांगितला, आकार सांगितला, ती काळी फट सांगितली. हातानं दाखवलं. मास्तर ऐकत होते. वर्गात एखाद्या मुलानं न चुकता उत्तर द्यावं तेव्हा ते मान थोडी तिरकी करत, तशी त्यांनी केली. मग म्हणाले, "नळी सापडली म्हणजे."

"हो."

"कुठे?"

थोरल्यांनी लिफ्टच्या छताकडे पाहिलं. तिथे पंखा होता, तोही बंद.

"खिशात," ते म्हणाले.

"कुणाच्या?"

"माझ्या."

मास्तरांनी तिरकी मान सरळ केली. त्यांच्या हातात आत्ता छडी नाही हे थोरल्यांना बरं वाटलं आणि आपण ह्या वयात असा विचार करतो आहोत ह्याचं वाईटही वाटलं. त्यांनी काहीबाही सांगायचा प्रयत्न केला. वाफ धरली होती, पावलं वाजली, धाकटे आले, तुम्ही हसत होता. शेवटचं कारण ऐकून त्यांचं त्यांनाच ते इतकं पोरकट वाटलं की ते मध्येच थांबले.

"कडं कुठल्या बाजूला कललं होतं?" मास्तरांनी विचारलं.

"उजवीकडे. जरासं."

"आणि कड्याची सावली शनीवर पडलेली दिसली का?"

ती काही थोरल्यांनी पाहिली नव्हती. मास्तर म्हणाले, पुढच्या वेळी नीट बघा. आणि लिफ्टच्या कोपऱ्यात असलेल्या एवढ्याशा पट्टीवर टेकून बसले.

माणूस आला तेव्हा बाहेर पाऊस कोसळत होता. माणूस म्हणजे तोच दुर्बीण देणारा मेकॅनिक. त्यानं दार ओढून उघडलं, थोरल्यांना पाहिलं आणि विचारलं, साहेब, पाय टिकला ना. थोरले मास्तरांचा हात धरून जिन्याकडे वळले.

वर गच्चीच्या दाराशी धाकटे चिंब भिजून उभे होते. दुर्बिणीवर त्यांनी दुकानातला नमुन्याचा शॉवरचा पडदा टाकला होता, निळा, वर मासे असलेला. आणि ते हैराण झाले होते. झाकायला म्हणून गेलो तर नळी जागच्या जागी, ते सांगत होते. म्हणजे ती तिथेच होती आणि मला दिसली नाही, सगळ्यांना उगाच रांगायला लावलं, मास्तर, माझंच डोळ्यांचं काही तरी बघायला हवं. थोरले खाली मान घालून उभे राहिले. आता सगळं बाहेर येणार असं त्यांना वाटलं.

मास्तर म्हणाले, "होतं असं एखाद्या वेळी." मग जरा थांबून म्हणाले, "थोरल्यांना दिसली. त्यांनी शनी बघितला. त्यांना आवड आहे."

धाकट्यांचा चेहरा एकदम उजळला. त्यांनी ओल्या अंगानंच थोरल्यांना मिठी मारली आणि तिथल्या तिथे जाहीर केलं की मग ही दुर्बीण दादांची. आपल्याला तर त्या भोकातली नळीसुद्धा दिसत नाही. जिथे आवड तिथे वस्तू शोभते. थोरल्यांनी नको-नको म्हटलं, पण ज्या आवाजात म्हणायला हवं होतं त्या आवाजात नाही. घरी येताना स्कूटरवर ते पावसात शीळ घालत होते. बायको मागून म्हणाली की सबंध संध्याकाळ तुमचा एक हात खिशात होता. शीळ थांबली.

दुर्बीण दुसऱ्या दिवशी टेम्पोतून आली. ती बाल्कनीत मावली, पण मग बाल्कनीचं दार मिटेना. बायकोनं बहिणीला आभाराचा फोन केला तेव्हा धाकटी म्हणाली, आभार कसले, हॉल मोकळा झाला. किती दिवस मी ह्यांच्या मागे लागले होते की कुणाला तरी देऊन टाका. हे थोरल्यांनी ऐकलं न ऐकल्यासारखं केलं. कारण त्याच आठवड्यात मास्तर पिशवी घेऊन त्यांच्याकडे राहायला आले होते. धाकट्यांकडून थोरल्यांकडे, आपण होऊन. थोरल्यांनी ऑफिसात ही बातमी तीन टेबलांना सांगितली.

मग आभाळानं दडी मारली. रोज संध्याकाळी मास्तर केस विंचरून बाल्कनीत बसत आणि रोज संध्याकाळी ढग येत. थोरले ऑफिसातून धावत घरी येत, काचा पुसत, आधी महिना मग तारीख घालत आणि दोघं काळोखाकडे बघत बसत. मास्तर त्यांना चंद्राविषयी सांगत, भरती-ओहोटीविषयी सांगत, शाळेतल्या एका मुलानं विषुववृत्त पुसून टाकायला रबर मागितला होता, ती गोष्ट सांगत. थोरल्यांना मनातून वाटू लागलं होतं की ढग असेच राहिले तरी चालतील.

एका संध्याकाळी ढग गेले. थोरल्यांनी नीट जमवून, स्पष्ट करून, मास्तरांना स्टुलावर बसवलं आणि मागे सरले. मास्तरांनी डोळा लावला. बराच वेळ ते हलले नाहीत. श्वाससुद्धा हळू झाला. गालावरून एक थेंब ओघळून दुर्बिणीवर पडला आणि त्यांनी तो पुसला नाही.

"वा," मास्तर म्हणाले. आणि मग, जन्मात केलं नव्हतं ते केलं, पुन्हा म्हणाले, "वा."

थोरले पुढे झाले.

"धाकट्यांना फोन लावा," मास्तर डोळा न हलवता म्हणाले. "म्हणावं, काय दुर्बीण घेतलीत."

थोरल्यांनी फोन लावला. मास्तरांचा एक हात चकतीवर होता आणि दुसऱ्यानं त्यांनी बाल्कनीचा गज धरला होता, म्हणून फोन थोरल्यांनाच त्यांच्या कानाशी धरावा लागला. मास्तर सांगत होते, कडं सांगत होते, फट सांगत होते, तुमच्यामुळे आज हे बघायला मिळालं म्हणत होते. पलीकडून धाकट्यांचा आनंदानं भरलेला आवाज ऐकू आला की ही तर जुनी, मास्तर. नवी मागवलीय, हिच्या दुप्पट आहे, आली की दादांना घेऊन या.

"आणतो," मास्तर म्हणाले, आणि कड्याची सावली नक्की कुठे पडली आहे ते पहिल्यापासून सांगायला लागले. थोरल्यांनी भरून आलेल्या हातातला फोन दुसऱ्या हातात घेतला आणि पुन्हा त्यांच्या कानाशी धरला.